लाइटबिल वेगळं की धरून? एका इमारतीतल्या ३९ मीटरांची वर्गवारी

मुंबईच्या उपनगरात स्टेशनपासून पाच मिनिटांवर एक जुनी इमारत आहे. तळमजल्यावर ६ गाळे, पहिल्या मजल्यावर बँकेची शाखा आणि दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर अर्ध्या भागात कोचिंग क्लास, बाकी सगळीकडे मिळून २८ सदनिका. जिन्याखालच्या मीटर रूममध्ये ३९ मीटर आहेत. दोन सोसायटीचे: एक लिफ्ट आणि पंपाचा, एक जिन्यातल्या दिव्यांचा. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. कोणाला सवलतीत नवा पंखा द्यायचा याची आमची सगळी यादी मीटर रूममधल्या त्या चार दिवसांनी उलटीपालटी केली, ते मात्र घडलं तसंच लिहितो.

आम्ही तिथे गेलो ते एका फसलेल्या योजनेचा माग काढत. एका वीज वितरण कंपनीसाठी आमचा छोटा गट जुने पंखे बदलून देण्याच्या योजनेवर काम करत होता. जुना पंखा द्या, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) सवलतीत घ्या, अशी ती योजना. कोणाला पत्रं पाठवायची हे ठरवणं आमच्याकडे होतं. आम्ही सोपा रस्ता धरला. घरगुती दरपत्रकात महिन्याच्या वापराचे टप्पे असतात: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. ३०० च्या वरची घरं म्हणजे मोठा वापर, मोठा वापर म्हणजे मोठी बचत, असं आम्ही गृहीत धरलं. या इमारतीत अशी ११ घरं निघाली. ११ पत्रं गेली आणि एकाच घरातून फोन आला, तोही योजना खरी आहे का ते विचारायला.

चूक आमच्या यादीची होती. अशा योजनांचा खर्च कोणाच्या खिशातून जातो हे माहीत असल्यामुळे ती मला जास्त लागली. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१० मध्ये मागणी व्यवस्थापनाचे, म्हणजे ग्राहकांकडची विजेची मागणी आटोक्यात ठेवण्याच्या उपायांचे, विनियम केले. त्यानुसार कंपनी अशी योजना आखते, आयोग ती तपासतो, आणि मंजूर झालेला खर्च वीजदरातून वसूल होतो. म्हणजे पंख्यावरची सवलत शेवटी सगळे ग्राहक मिळून देतात, महिन्याला ५० युनिट जाळणारी चाळीतली म्हातारीसुद्धा. ती सवलत चुकीच्या दारात गेली तर तिचेही पैसे वाया जातात.

दरपत्रकातली वर्गवारी वाईट नाही, पण ती दुसऱ्या कामासाठी केलेली आहे. वीज कशासाठी वापरली आणि तिचे किती पैसे घ्यायचे, एवढंच तिला सांगायचं असतं. सोसायटीची लिफ्ट आणि पाण्याचा पंप घरगुती दरात येतात, कारण ते राहणाऱ्यांसाठी चालतात. घरातल्या एका भागात छोटा धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आत, वर्षाला ३,६०० च्या आत असेल, तर तोही घरगुतीच. बिल करायला हे पुरेसं आहे. जुना पंखा उतरवून नवा टांगायला हो कोण म्हणणार, हे मात्र त्यातून कळत नाही.

आम्ही पहिल्या दिवशी त्या ११ दारांवरच गेलो. तीन घरांत बीएलडीसी पंखे आधीच होते. चार घरांत दोन-दोन, तीन-तीन एसी होते आणि पंख्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. दोन सदनिकांत पेइंग गेस्ट मुलं राहत होती. एका वन-बीएचकेमध्ये सात माणसं राहत होती, एसी नव्हता, गीझर होता, आणि दोन पंखे जवळजवळ चोवीस तास फिरत होते. आम्हाला हवं होतं तसं ते एकच घर, आणि फोन तिथूनच आला होता.

अकरावं दार उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना सोबत घेऊन गेलो तेव्हा फटीतून विचारणा झाली, "मीटर तपासायला आलात का?" ताई डब्यांचा व्यवसाय करतात. मे महिन्यात युनिट थोडे वाढले होते, आणि आपलं मीटर आता व्यापारी करतील या धाकात त्या होत्या. आमचं पत्र त्यांनी भरारी पथकाची पूर्वसूचना समजून कपाटात ठेवलं होतं. वर्गवारी करताना आम्ही वापर पाहिला, पण कंपनीच्या नावाचा लिफाफा बघून कोणाच्या पोटात गोळा येईल याचा विचारच केला नव्हता. अशा घरांना कंपनीने पत्र पाठवून काही होत नाही. तिथे बचत गटातून किंवा ओळखीच्या वायरमनकडून जावं लागतं.

आणि एक घर आमच्या ११ मध्ये नव्हतं, पण असायला हवं होतं. पाचव्या मजल्यावर दोन सदनिकांमधली भिंत पाडून जोडफ्लॅट केला होता. मीटर मात्र दोन राहिले. प्रत्येकावर महिन्याला साधारण २४० युनिट, म्हणजे दोन्ही मधल्या टप्प्यात. आमच्या यादीत ती दोन मध्यम घरं होती, प्रत्यक्षात ४८० युनिटांचं, तीन एसींचं एकच कुटुंब.

पेइंग गेस्टच्या दोन सदनिकांनी मला या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट शिकवली. दोन्हीकडे मुलं तेवढीच आणि वापरही दोन्हीकडे ३०० युनिटांच्या वर. एकीत लाइटबिल वेगळं: मुलं महिन्याच्या शेवटी बिल वाटून घेतात, त्यामुळे एसी मोजून लावतात, पण पंखे घरमालकाने टाकलेले, सगळ्यात स्वस्त. घरमालक मस्कतला असतो. पंखा ७५ वॉट खातो की ३०, याने त्याच्या खिशाला काही फरक पडत नाही. दुसरीत भाडं लाइटबिल धरून: तिथे खिडकी उघडी आणि एसी चालू, कारण बिल मालकीणबाई भरतात. पहिल्या घरात नवा पंखा विकायला गेलात तर मुलं म्हणणार, आम्ही अकरा महिन्यांनी जाणार. दुसऱ्या घरात मालकीणबाई त्याच दिवशी हो म्हणाल्या, फक्त हप्त्यात द्या म्हणाल्या. आमच्या यादीत ही दोन्ही घरं एकाच ओळीत होती.

त्या संध्याकाळी आम्ही टप्पे बाजूला ठेवले आणि प्रत्येक मीटरसमोर चार रकाने आखले: बिल कोण भरतं, वस्तू कोणाची, हो कोण म्हणतं, आणि ती वस्तू बदलण्याची वेळ कधी येते. मग ३९ मीटर पुन्हा पहिल्यापासून घेतले.

तेव्हा क्लास दिसला. पंख्याची योजना घरगुती म्हणून आखलेली आणि क्लासचं मीटर व्यापारी, म्हणून तो आमच्या यादीत कुठेच नव्हता. तीन खोल्यांत मिळून १८ पंखे, सकाळी ७ ला पहिली बॅच, रात्री ९ ला शेवटची. मधल्या सुट्या वजा करून दिवसाला १२ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर पंखा ३,६०० तास फिरतो. साधा पंखा ७५ वॉटचा आणि बीएलडीसी ३० चा धरला, तर एका पंख्यामागे वर्षाला १६२ युनिट वाचतात. १८ पंख्यांचे २,९०० च्या वर. घरच्या हॉलमधला पंखा रोज चार तास चालत असेल तर त्याचे वर्षाला ६५-६६ युनिटच होतात. व्यापारी दर सगळे आकार धरून युनिटला ११ रुपये आणि पंखा ३,००० रुपयांचा मानला, तर क्लासचे पैसे सवलतीशिवायही पावणेदोन वर्षांच्या आत सुटतात. हॉलच्या पंख्याला घरगुती ६ रुपयांच्या हिशेबाने साडेसात वर्षं लागतात. दर आणि किंमत मी हिशेबापुरते धरले आहेत, पण आकडे थोडे हलवले तरी दोघांमधलं अंतर कायम राहतं.

सरांना हे पाच मिनिटांत पटलं. पहिल्या तीनही रकान्यांत त्यांचंच नाव होतं: जागा भाड्याची असली तरी बिल त्यांचं, पंखे त्यांचे, निर्णय त्यांचा. आणि तरी ते अडले. म्हणाले, "अहो, एकेका पंख्याला रिमोट? तो सांभाळू कुठे? पहिल्या आठवड्यात पोरं पळवतील." खरंच आहे ते. बरेचसे बीएलडीसी पंखे जुन्या रेग्युलेटरवर चालत नाहीत. रेग्युलेटर काढून थेट बटणावर जोडायचे आणि वेग रिमोटने बदलायचा. घरात हे चालतं, ४० मुलांच्या वर्गात नाही. भिंतीवरचं बटण बंद-चालू केलं की वेग बदलणारी काही मॉडेल मिळतात. योजनेच्या पंख्यांत तसलं एकही नव्हतं, कारण ती घरासाठी आखलेली होती. वर्गवारी चुकली की वस्तूही चुकीची निवडली जाते, हे मला तिथे त्या पांढऱ्या फळ्यासमोर उभं राहून कळलं. आणखी एक अट सरांनी घातली: काम फक्त मे महिन्यात, जुन्या बॅचेस संपल्यावर आणि नव्या सुरू होण्याआधी. जूनमध्ये शिडी आत येणार नाही.

वेळेचा चौथा रकाना आम्ही सहज म्हणून जोडला होता, पण पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. प्रत्येक गटाचं पंचांग वेगळं असतं. दुकानदार दिवाळीआधी रंगरंगोटी आणि दिवे बदलतो, नंतर वर्षभर हात लावत नाही. भाड्याच्या घरात जुना भाडेकरू गेला आणि नवा यायचाय, मध्ये आठ-दहा दिवस रंगारी आत आहे, तेवढीच संधी. तेव्हा घरमालकाशी बोलणारा माणूस म्हणजे इस्टेट एजंट. सोसायटीचं वर्ष ३० सप्टेंबरभोवती फिरतं, कारण वार्षिक सर्वसाधारण सभा तोवर घ्यायची असते. व्यवस्थापन समितीला सभेच्या मंजुरीशिवाय करता येणाऱ्या दुरुस्ती खर्चाला मर्यादा असते. त्यामुळे मोठं काम असेल तर कोटेशन ऑगस्टमध्ये सचिवांच्या हातात पाहिजे. ऑक्टोबरमध्ये उत्तम योजना घेऊन गेलात तर चहा मिळेल आणि पुढच्या वर्षीची तारीख.

सोसायटीच्या दोन मीटरांकडे आमचं आधी लक्षच नव्हतं. जिन्यात चोकच्या जुन्या ट्यूब होत्या, चोकसह ५५ वॉटच्या आसपास. १४ ट्यूब रात्रभर जळायच्या. २० वॉटच्या एलईडी ट्यूबने वर्षाला २,१०० च्या वर युनिट वाचतात आणि खर्च समितीच्या अधिकारात बसतो. पंपाचा प्रश्न वेगळा होता. ५ अश्वशक्तीचा पंप, रोज सुमारे तीन तास. तो चालू-बंद करतात वॉचमन काका, आणि गच्चीवरची टाकी भरली हे त्यांना कळतं ते पाइपातून पाणी खाली पडायला लागल्यावर. तेव्हा ते गेटवर असले तर वीस मिनिटं जातात. पंप सव्वाचार किलोवॉट ओढत असेल तर वर्षाला पाचशेहून जास्त युनिट आणि वर पाणी. इथे बिल सगळे सभासद भरतात, होकार समितीचा, पण बटण काकांच्या हातात. टाकीत पातळी पाहणारा स्वीच बसवायचं ठरलं तेव्हा काका गप्प झाले. त्यांना वाटलं आपलं एक काम गेलं, उद्या माणूसही जाईल. सचिवांनी त्यांना एक वही दिली. पंप कधी सुरू झाला, कधी थांबला हे लिहायचं काम आता त्यांचं. बचत झाली की नाही हे आम्ही नंतर त्या वहीवरूनच तपासलं.

बँकेबद्दल थोडक्यात. इमारतीतला सगळ्यात मोठा व्यापारी वापर तिचा, पण शाखा व्यवस्थापकांना एक दिवासुद्धा स्वतःहून बदलता येत नाही. एसींचा देखभाल करार वरून होतो. एसीचं तापमान एक अंश वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगत आला आहे, आणि २० वर लावलेला एसी २४ वर नेणं एवढंच त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी केलं. बाकीसाठी त्या जिन्यावर उभं राहून उपयोग नाही. विभागीय कार्यालयात एक होकार मिळाला तर अशा कितीतरी शाखा एकदम होतात, म्हणून या ग्राहकाला आम्ही इमारतीच्या यादीतून काढून शाखांच्या साखळीच्या यादीत टाकलं.

दुकानांमध्ये साड्यांचं दुकान सोपं वाटलं होतं. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, बिल त्याचं, दिवे त्याचे. छतात ५० वॉटचे हॅलोजन होते, दिव्यांमुळे दुकान तापायचं आणि त्या उष्णतेशी एसी झगडायचा. त्यांनी आधी एलईडी लावून पाहिले होते आणि काढून टाकले होते. का ते त्यांनी दाखवलं. एक पैठणी उलगडली, पदर आधी हॅलोजनखाली धरला, मग माळ्यावरून आणलेल्या स्वस्त पांढऱ्या एलईडीखाली. जरीचं काम राखाडी दिसायला लागलं, आणि जांभळा निळ्याकडे झुकला. "गिऱ्हाईक बाहेर उजेडात जाऊन बघतं आणि परत करतं," ते म्हणाले. त्यांना वॉट सांगून काही होणार नव्हतं. रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९० च्या वर असलेले पिवळसर दिवे नमुन्याला नेले, तीच पैठणी पुन्हा धरली, तेव्हा ते हो म्हणाले. कपडे, सोनं, मिठाई विकणाऱ्या दुकानांना आम्ही तेव्हापासून वेगळा गट करतो. स्टेशनरी किंवा औषधांच्या दुकानात हा प्रश्नच येत नाही.

हे सगळं बघताना मला सारखी उजाला योजना आठवत होती. ५ जानेवारी २०१५ ला ती सुरू झाली आणि देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, एवढी वर्गवारी न करता. ते जमलं कारण बल्बपुढे चारही रकाने एकाच माणसाचे असतात. भाडेकरू स्वतः विकत घेतो, स्वतः लावतो, बिल स्वतः भरतो आणि घर सोडताना काढून पिशवीत टाकून नेतो. पंखा, एसी, पंप, खिडकी या वस्तूंपर्यंत आलं की माणसं वेगळी होतात. बल्बच्या यशावरून पंख्याची योजना आखली, तिथेच आमचं चुकलं.

कायद्यातल्या वर्गवाऱ्याही अशा इमारतीला जवळजवळ स्पर्श करत नाहीत. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली. ती लागते १०० किलोवॉट जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार) किंवा १२० केव्हीए करारमागणी (कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) यापासून पुढे. इथल्या एकाही मीटरचा भार तेवढा नाही. निवासी इमारतींसाठी इको-निवास संहितेचा पहिला भाग डिसेंबर २०१८ मध्ये आला, पण तो नव्या बांधकामाकडे पाहतो. कार्यालयांना ताऱ्यांचं मानांकन २००९ पासून मिळतं, आणि त्यात हवामान विभाग आणि वातानुकूलित क्षेत्राचं प्रमाण यांची चांगली वर्गवारी आहे. तरी खाली दुकानं, वर क्लास, त्यावर घरं असलेली रस्त्याकडेची जुनी इमारत कशातच पूर्ण बसत नाही. आणि आपली शहरं अशाच इमारतींनी भरलेली आहेत.

३९ मीटरांना आम्हाला चार दिवस लागले. लाखो ग्राहकांसाठी दारोदार जाता येणार नाही, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून या इमारतीत जे डोळ्यांनी दिसलं त्याची खूण बिलांच्या नोंदींत सापडते का, ते शोधलं. काही खुणा चांगल्या निघाल्या. मे आणि जानेवारीच्या वापराची तुलना केली की एसीचं घर कळतं. मुंबईत ऑक्टोबरच्या उकाड्यातही ते पुन्हा डोकं वर काढतं. पंखे आणि फ्रीजवर चालणाऱ्या घराचा आलेख त्यामानाने सपाट असतो, आणि पंख्याची योजना अशा घरांकडे न्यायला हवी, मग ते २०० युनिटांचं का असेना. एकाच मजल्यावर एकाच आडनावाचे दोन मीटर असतील तर जोडफ्लॅट असू शकतो. बिलावरचं नाव तेच पण नोंदवलेला मोबाइल क्रमांक वर्षा-वर्षाला बदलतो, ते बहुधा भाड्याचं घर. व्यापारी मीटरचा वापर मेमध्ये निम्म्यावर येत असेल तर क्लास असण्याची शक्यता मोठी. यातल्या शेवटच्या खुणेने दुकानांच्या यादीत लपलेले आणखी क्लास सापडले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडे एप्रिलमध्येच माणूस गेला. लाइटबिल वेगळं की धरून, हे मात्र कुठल्याच नोंदीत नसतं. ते विचारावंच लागतं. आता आमच्या अर्जावर तो पहिला प्रश्न आहे.

इमारतीत पुढे काय झालं ते सांगतो. क्लासचे १८ पंखे मेच्या दुसऱ्या आठवड्यात बदलले, बटणाने वेग बदलणारे. जिन्यातल्या ट्यूब आणि टाकीचा स्वीच सोसायटीने केला. सात माणसांच्या घरात दोन पंखे गेले. मालकीणबाईंनी हप्त्यात घेतले. मस्कतच्या घरमालकाचं काम एजंटने पुढचा भाडेकरू येताना करून घेतलं, कारण आम्ही त्याला जाहिरातीत 'कमी लाइटबिल' लिहिता येईल असं सुचवलं होतं. डब्यांच्या ताईंकडे अजून जुनेच पंखे आहेत. शेजारच्या काकू त्यांच्याशी बोलत आहेत.

राहिलं ते दुधाचं दुकान. दारातच दोन डीप फ्रीजर आहेत, एक आइस्क्रीम कंपनीने दिलेला. त्याच्या झाकणाचं रबर फाटलं आहे आणि मालकाने तिथे खाकी चिकटपट्टी लावली आहे. हात जवळ नेला की थंड हवा बोटांना लागते. फ्रीजर रात्रंदिवस चालतो आणि बिल दुकानदार भरतो. पण वस्तू कंपनीची, त्यामुळे रबर बदलायलाही त्याला कंपनीचा मेकॅनिक लागतो आणि नवा फ्रीजर मागायचा तर खप दाखवावा लागतो. शहरात असे फ्रीजर कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. आमच्याकडे त्यांच्यासाठी योजना नाही. यादीत त्या मीटरसमोर बिल दुकानदाराचं, वस्तू कंपनीची, एवढं लिहिलं आहे. होकाराचा रकाना अजून रिकामा आहे.